डिग्री पुण्याची, पैसा दिल्लीचा, जागा संस्थेची



मागच्या पावसाळ्यात नेवासा तालुक्यातल्या एका वस्तीवर अभ्यासवर्ग होता. विहारात वीस-पंचवीस पोरं-पोरी बसलेली. विषय शिक्षणाचा. मी आपला नेहमीच्या वळणानं सुरू झालो, फुले, शाहू, बाबासाहेब. अर्धा तास झाला असेल. मागच्या ओळीतली एक पोरगी उभी राहिली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, "काका, हे आम्ही दर जयंतीला ऐकतो. मला एवढंच सांगा. माझं कॉलेज तालुक्याला, डिग्री पुण्याची, स्कॉलरशिपचा पैसा दिल्लीचा न् मुंबईचा, आणि जागा-इमारत संस्थेची. स्कॉलरशिप आली न्हाई म्हणून मला परीक्षेचा फॉर्म भरू देईनात. मी भांडू कुणाशी?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मोर्चे म्हणाल तर आम्ही पुष्कळ काढले. पण मोर्चा कुठल्या दारावर न्यायचा हे दरवेळी अंदाजानंच ठरवलं. कधी कॉलेजवर नेला, कधी कलेक्टर कचेरीवर. आतला साहेब बाहेर यायचा, निवेदन घ्यायचा आणि सांगायचा, हे आमच्या हातात नाही, वर कळवतो. आम्ही घोषणा देऊन घरी. "वर" म्हणजे कुठं, हे आम्ही कधी विचारलंच नाही.

त्या पोरीचं ऐकताना मला माझी मार्कलिस्ट आठवली. बाप साखर कारखान्याच्या उसात राबणारा, आई रोजंदारीला. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. कुठल्या कॉलेजात, कुठल्या विद्यापीठाखाली शिकलो ते सांगत नाही. कारण दोष त्या एका कॉलेजाचा नव्हता आणि तसली गोष्ट कुठंही घडली असती. दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला, पास झालो. पण स्कॉलरशिप आलेली नव्हती म्हणून कॉलेजनं मार्कलिस्ट अडवली. क्लार्क म्हणाला, पैसा सरकारकडं अडलाय, तिकडं जा. सरकारी कचेरीत गेलो. ते म्हणाले, कॉलेजनं यादीच पाठवली नाही. परत कॉलेजात आलो. ते म्हणाले, यादी कधीच गेली. शेवटी कुणीतरी सांगितलं, विद्यापीठातच जा, मार्क त्यांनी दिलेत. एस.टी.च्या भाड्यासाठी आईनं शेळीचं करडू विकलं. विद्यापीठाच्या खिडकीतल्या माणसानं माझा कागद वाचला, परत दिला आणि म्हणाला, "आम्ही विद्यार्थ्याला ओळखत नाही. आम्ही कॉलेजला ओळखतो."

तेव्हा तो माणूस मला उर्मट वाटला. पुढं दहा-पंधरा वर्षांनी वाचायला लागलो तेव्हा कळलं की बिचारा कायदा बोलत होता. तोही १८५७ सालचा.

तर मित्रहो, त्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर त्या काळापासूनच शोधावं लागतं. तिनं जे तीन मालक सांगितले, परीक्षेचा, पैशाचा आणि इमारतीचा, ते तिघंही एकाच कागदावर जन्मले. तो कागद म्हणजे १८५४ चा वूडचा खलिता. इंग्लंडमधून कंपनी सरकारनं हिंदुस्थानातल्या शिक्षणाची जी आखणी पाठवली तिच्यात तीन गोष्टी होत्या. कलकत्ता, मुंबई, मद्रास इथं विद्यापीठं काढावीत. प्रत्येक इलाख्यात शिक्षणखातं असावं. आणि खाजगी संस्थांनी शाळा-कॉलेजं चालवावीत, सरकारनं त्यांना अनुदान द्यावं. परीक्षा एकाकडं, तपासणी आणि पैसा दुसऱ्याकडं, चालवणं तिसऱ्याकडं. आज पावणेदोनशे वर्षं होत आली, तीच घडी आहे. मालकांची नावं तेवढी बदलली.

१८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ झालं. विद्यापीठ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं वर्ग, प्रोफेसर, ग्रंथालय येतं. यातलं काही नव्हतं. हे विद्यापीठ शिकवत नव्हतं. कॉलेजं जोडून घ्यायची, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची, एवढंच त्याचं काम. नमुना लंडन विद्यापीठाचा होता. तेही १८३६ पासून परीक्षा घेण्यापुरतंच होतं. पुढं १९०० च्या सुमारास लंडननं स्वतःची घडी बदलली आणि ते शिकवायलाही लागलं. इथं मात्र जोडलेल्या कॉलेजांची, म्हणजे संलग्नतेची पद्धत कायम राहिली. एका मुंबई विद्यापीठाला कराचीपासून धारवाडपर्यंतची कॉलेजं जोडलेली असत. विद्यापीठाला पोरगं दिसायचंच नाही. उत्तरपत्रिका दिसायची. खिडकीतल्या माणसाचं वाक्य इथून आलं होतं.

ही घडी कंपनीला सोयीची होती. खर्च कमी, आणि कचेऱ्यांना लागणारे कारकून-वकील तयार. याला एक तत्त्वज्ञानही जोडलेलं होतं. वरच्या वर्गाला शिकवा, ज्ञान आपोआप खाली झिरपेल. झिरपण्याचं हे शास्त्र आपल्याला पाणवठ्यावर आधीच माहीत होतं. वरचा घडा भरून वाहिला तर खाली थेंब, नाही तर कोरडं. १८५६ साली धारवाडला एका महार मुलानं सरकारी शाळेत नाव घालायला अर्ज केला. सरकारी शाळा, सरकारी पैसा. तरी त्याला आत घेतलं नाही. सवर्ण मुलं शाळा सोडून जातील ही सरकारला भीती. या गोष्टीला पुरतं एक वर्ष लोटलं आणि त्याच इलाख्यात विद्यापीठ उघडलं. पहिलीच्या दारात पोरगं उभं, आणि सरकार पदवीचा सोहळा मांडतंय.

आता आपल्या नगरचं बघा. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं. मिस सिंथिया फरार या बाई नगरला मुलींची शाळा चालवत. ती शाळा जोतीरावांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे याच नगरात फरारबाईंकडं घेतले. पुढं मिशननं महारवाड्यांतून शाळा काढल्या, आपल्यातली पुष्कळ घरं ख्रिस्ती झाली. म्हणजे गावकुसाबाहेरच्या लेकरांच्या हातात पाटी देण्यात नगर जिल्हा मागं नव्हता. पण कॉलेज? कला आणि विज्ञानाचं कॉलेज या जिल्ह्यात यायला १९४७ साल उजाडलं. विद्यापीठ १८५७ चं, नगरचं कॉलेज १९४७ चं. मधली नव्वद वर्षं. तोवर नगरच्या पोराला पुणं किंवा मुंबई गाठावी लागे. ज्याचा नातेवाईक सदाशिव पेठेत होता त्याला ते जमायचं. आपला नातेवाईक असलाच तर नायगावच्या चाळीत नाही तर रेल्वेच्या यार्डात.

ही घडी कुणाच्या पैशावर उभी आहे हे पहिल्यांदा ओळखलं जोतीरावांनी. १८८२ साली हंटर कमिशनपुढं त्यांनी निवेदन दिलं. आपण सभेत त्यातला प्राथमिक शिक्षणाचा भाग सांगतो. सरकारचा महसूल शेतकरी-कष्टकऱ्याकडून येतो, आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी तिथं स्पष्ट मांडलं. पण त्याच निवेदनात विद्यापीठाच्या घडीबद्दलही एक मागणी आहे, ती आपण वाचत नाही. ते म्हणतात की विद्यापीठानं प्रवेश परीक्षेला घरी अभ्यास करून बसायची परवानगी दिली हे चांगलं झालं, आता बी.ए., एम.ए.लाही ती द्यावी. म्हणजे कॉलेजात हजेरी लावायला ज्याच्याकडं पैसा आणि वेळ नाही, त्यानं राबून, घरी शिकून पदवी घ्यावी. मुक्त विद्यापीठ ज्याला आपण म्हणतो त्याचं हे बी. नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं १९८९ साली. जोतीराव एकशे सात वर्षं आधी बोलले होते.

दुसरा माणूस बाबासाहेब. त्यांचं मोठेपण सांगताना आपण पदव्या मोजतो. पण त्यांनी पदवी देणाऱ्या यंत्राचे सांधे मोजले होते. एल्फिन्स्टन कॉलेजातून मुंबईची बी.ए., मग १९१३ साली न्यूयॉर्कचं कोलंबिया, मग लंडन. मुंबईत त्यांनी परीक्षा घेणारं विद्यापीठ पाहिलं आणि कोलंबियात शिकवणारं. तिथं प्रोफेसर, ग्रंथालय आणि विद्यार्थी एका आवारात. म्हणूनच १९२४-२५ च्या सुमारास मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी समिती नेमली तेव्हा त्यांनी तिला सविस्तर उत्तरं दिली. त्यांचा रोख असा, की विद्यापीठ आणि कॉलेज अशी फाळणी नको. दोघांनी मिळून शिकवावं, आणि बी.ए.च्या पोरालाही विद्यापीठाचे चांगले शिक्षक मिळावेत. १९२७ साली मुंबईच्या कौन्सिलात विद्यापीठाचं बिल आलं. तिथं ते बोलले की परीक्षा म्हणजे शिक्षण नव्हे. दर्जाच्या नावाखाली परीक्षा कठीण करत नेली तर नुकताच दारापर्यंत पोचलेला मागासवर्गीय बाहेरच राहील. विद्यापीठाच्या कारभारात मागासवर्गाचे प्रतिनिधी असले पाहिजेत, हेही त्यांनी मागितलं. मित्रहो, चवदार तळ्याचं साल तेच आहे, १९२७. मार्चमध्ये पाणवठा, आणि त्याच वर्षी कौन्सिलात विद्यापीठ. त्यांच्या लेखी दोन्ही सार्वजनिक ठिकाणं होती.

त्यांच्या मागणीमागं आकडे होते. १९२८ साली सायमन कमिशनपुढं बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे त्यांनी शिक्षणाचा तक्ता मांडला. कोणत्या वर्गाची किती मुलं प्राथमिकला, किती हायस्कुलात, किती कॉलेजात. मागासवर्गाच्या ओळीत कॉलेजच्या रकान्यात जवळपास शून्य होतं.

हे शून्य पुसायला त्यांनी तिन्ही मालकांवर हात घातला. पैशाचं कुलूप आधी. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेले, आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी केंद्र सरकारकडून वर्षाला तीन लाख रुपये मंजूर करून घेतले. आज आपण जिला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती म्हणतो तिची ही सुरुवात. म्हणजे त्या पोरीचा दिल्लीचा पैसा हा कुणाचा उपकार नव्हे. तो बाबासाहेबांनी भांडून आणलेला आहे. मग इमारतीचं कुलूप. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० साली औरंगाबादला मिलिंद. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरवले, का? तर पोरगं सकाळी शिकेल आणि दहाला कचेरीत कामावर जाईल. जोतीरावांनी राबणाऱ्याला परीक्षेला बसू द्या म्हटलं होतं, बाबासाहेबांनी घड्याळच त्याच्या सोयीनं लावलं.

नगर जिल्ह्यातल्या आपल्या किती घरांचा इतिहास मिलिंदनं बदलला! प्रवरासंगमचा पूल ओलांडला की पलीकडं औरंगाबाद. नेवासा, शेवगाव, श्रीरामपूरकडची पोरं वळकटी घेऊन त्या रस्त्यानं गेली. पण तिथंही तिसरं कुलूप होतंच. मिलिंद आपलं, इमारत आपली, प्राचार्य आपले. डिग्री मात्र सुरुवातीला हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची, आणि १९५८ पासून मराठवाडा विद्यापीठाची. पदवीची किल्ली बाबासाहेबांच्याही संस्थेला मिळाली नाही.

ती किल्ली किती जड आहे ते १९७८ साली कळलं. २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंना मारलं. आम्ही बोर्डिंगात रेडिओभोवती बसायचो, नदीपलीकडच्या पाहुण्यांची गावं त्यात येतात का ते ऐकत. आपण तोवर म्हणत होतो की फक्त नावाचा प्रश्न आहे, एवढं कशाला पेटतात? त्यांना मात्र नीट माहीत होतं की गावातल्या प्रत्येक पदवीच्या कागदावर ते नाव छापलं जाणार. पाटलाच्या पोराच्या भिंतीवरही. मिलिंद चाललं होतं, स्कॉलरशिप चालली होती, पण पदवीच्या शिक्क्याला हात लावल्याबरोबर घरं जळाली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तोवर सोळा वर्षं गेली.

आता परत नगरला येऊ. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली अहमदनगर कॉलेज काढलं. १९४९ साली पुणे विद्यापीठ झालं आणि नगर जिल्हा त्याच्याखाली गेला. या विद्यापीठाकडं सुरुवातीला बारा जिल्हे होते. १९६२ ला कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि १९९० ला जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाल्यावर पुणे, नगर आणि नाशिक राहिले. कॉलेजं मात्र वाढत गेली. १९६१ ला संगमनेर, १९६५ ला रयतचं कोपरगाव, १९७० ला नगरचं न्यू आर्ट्स, श्रीरामपूरचं रयतचं बोरावके कॉलेज. ही वाढ पाटाच्या पाण्यामागून आली. १९५० साली लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि मग उसाच्या पट्ट्यात कारखान्यापाठोपाठ शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. यात बहुजनांच्या पोरांचं भलं झालं, हे कबूल करायला हवं. शेतकऱ्याचं पोरगं पदवीधर झालं ते याच कॉलेजांमुळं, आणि आपलीही पोरं याच वर्गांत बसली. दया पवारांसारखा या जिल्ह्यातला माणूस संगमनेरच्या बोर्डिंगात राहून हायस्कूल शिकला, त्या काळी तर बोर्डिंग हेच आपलं विद्यापीठ. अकोल्याच्या दादासाहेब रूपवत्यांनी बहुजन शिक्षण संघ काढला तो याच गरजेतून. पण उसाच्या पट्ट्यातल्या संस्थेचं संचालक मंडळ बघा. कारखान्याचं बोर्ड, बँकेचं बोर्ड, कॉलेजचं बोर्ड, नावं फिरून फिरून तीच. उसाला तोडणारा लागतो आणि कॉलेजला विद्यार्थी लागतो. दोन्हीकडं आपण. बोर्डावर मात्र नाही.

राहुरीची गोष्ट वेगळी. १९६८ साली तिथं कृषी विद्यापीठ आलं. हे परीक्षा घेण्यापुरतं नाही, स्वतः शिकवतं, संशोधन करतं, स्वतःची जमीन कसतं. नमुना अमेरिकेचा. तिथं १८६२ च्या कायद्यानं राज्यांना सरकारी जमीन देऊन तिच्या विक्रीच्या पैशातून शेती-यंत्रविद्येची कॉलेजं काढली होती. म्हणजे बाबासाहेबांना पाहिजे होतं तसं शिकवणारं विद्यापीठ आमच्या जिल्ह्यातच उभं राहिलं. मग अडलं कुठं? कृषी पदवीच्या प्रवेशात वर्षानुवर्षं सातबारा असणाऱ्याच्या मुलाला जादा गुण मिळत आले. शेतकऱ्याच्या पोराला आधार म्हणून नियम ठीक दिसतो. पण ज्याचा बाप दुसऱ्याच्या बांधावर राबतो त्यानं सातबारा कुठून आणायचा? १९३९ च्या डिसेंबरात याच जिल्ह्यातल्या हरेगावला बाबासाहेब महार वतनाच्या जुलमाविरुद्ध बोलले. जमिनीचा तो जुना हिशोब प्रवेशाच्या फॉर्मपर्यंत येऊन पोचला.

इथवर आलो की व्यवस्थेचा आकार दिसतो. घरातली उतरंड असते तसा. खालचं मडकं मोठं, त्याच्यावर लहान, त्याच्यावर आणखी लहान, आणि जपून ठेवायची चीज सगळ्यात वरच्या गाडग्यात. खालच्या मडक्यात बी.ए., बी.कॉम. त्याच्यावर बी.एस्सी., कृषी. त्याच्यावर इंजिनिअरिंग. वर डॉक्टरकी. आणि प्रत्येक मडक्याचा कारभारी वेगळा.

स्वातंत्र्यानंतर हे कारभारी वाढत गेले. संविधानात शिक्षण राज्याच्या यादीत होतं, पण उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचा अधिकार केंद्राकडं ठेवला. १९५६ च्या कायद्यानं विद्यापीठ अनुदान आयोग पक्का झाला, तो केंद्राचा. १९७६ ला बेचाळिसाव्या दुरुस्तीनं शिक्षण समवर्ती यादीत गेलं, म्हणजे दिल्ली आणि मुंबई दोघांचं. तंत्रशिक्षणाची अखिल भारतीय परिषद १९८७ च्या कायद्यानं वेगळी झाली. महाराष्ट्रातली वैद्यकीय कॉलेजं १९९८ साली नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली गेली. आज लोणीचा वैद्यकीयचा विद्यार्थी, राहुरीचा कृषीचा आणि नगरचा बी.ए.चा, तिघं एकाच जिल्ह्यात, पण तिघांचं विद्यापीठ वेगळं, नियम वेगळे, तक्रारीची जागा वेगळी. एकाची लढाई दुसऱ्याला कळत नाही. संघटना बांधताना आपल्याला ही अडचण येते, आणि आपण म्हणतो पोरं थंड झाली!

यात १९८३ साल लाल शाईनं लिहून ठेवा. वसंतदादा पाटलांच्या सरकारनं खाजगी संस्थांना विनाअनुदान तत्त्वावर इंजिनिअरिंग आणि वैद्यकीय कॉलेजं काढायला परवानगी दिली. लोणीला प्रवरेचं इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ चं, मेडिकल कॉलेज १९८४ चं. पूर्वी या शिक्षणासाठी पोरं कर्नाटकात जायची, ती इथं राहिली, खेड्यात दवाखाने आले. हे खरं. पण वूडच्या खलित्यातला करार इथं मोडला. तिथं संस्था चालवायची आणि सरकार अनुदान द्यायचं, म्हणून सरकारला विचारायचा हक्क होता. अनुदानच नाही म्हटल्यावर फीचा बोजा बापावर आला. १९८७ साली राज्याला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला, यावरूनच काय चाललं होतं ते समजा. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं इनामदार खटल्यात सांगितलं की विनाअनुदानित खाजगी संस्थांवर सरकार आपलं आरक्षण लादू शकत नाही. त्यावर संसदेनं त्र्याण्णवावी घटनादुरुस्ती करून अशा संस्थांत आरक्षणाचा कायदा करायचा अधिकार सरकारला दिला, अल्पसंख्याकांच्या संस्था सोडून. मधल्या काळात अभिमत विद्यापीठं आली. अभिमत म्हणजे काय, तर केंद्रानं मान्यता दिली की संस्था स्वतःच विद्यापीठ, पदवी तिची तीच देणार. लोणीची वैद्यकीय संस्था २००३ पासून अशी आहे. म्हणजे जी किल्ली सिद्धार्थ-मिलिंदला मिळाली नव्हती ती साखरेच्या पट्ट्यात आली.

वेळापत्रक जुळवून बघा. नगरच्या कॉलेजांत १९७० ते ८० मध्ये आपली पोरं बी.ए., बी.कॉम.ला भरायला लागली. नेमकं त्यानंतर बी.ए.ला काय किंमत, असं लोक म्हणायला लागले, आणि किंमत वरच्या गाडग्यात गेली. वरचं गाडगं विनाअनुदानित झालं. कुणी एका बैठकीत बसून हे ठरवलं असं मी म्हणत नाही. ठरवावं लागत नाही. व्यवस्थेला सवय असते.

आज आकडे बघितले तर शून्य पुसलं गेलंय. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण पाहणीत अठरा ते तेवीस वयाच्या लोकसंख्येच्या मानानं कॉलेजातल्या विद्यार्थ्यांचं प्रमाण २८.४ टक्के आहे, अनुसूचित जातींचं २५.९. फरक अडीच टक्क्यांचा. १९२८ चा तक्ता आठवा आणि हा बघा. आजीच्या डोळ्यांत पाणी यावं असा हा फरक. पण हा आकडा दारात किती शिरले ते सांगतो. कुठल्या मडक्यात शिरले ते सांगत नाही. आणि तीच आता आपली लढाई आहे.

तर मग त्या पोरीनं भांडायचं कुणाशी? मी पुढच्या अभ्यासवर्गाला हे उत्तर घेऊन गेलो.

पैशाबद्दल. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२०-२१ पासून केंद्राचा वाटा साठ टक्के आणि राज्याचा चाळीस ठरलेला आहे. अर्ज महाडीबीटीवर. कॉलेजनं अर्ज पुढं पाठवला का, हे तिथं दिसतं. अर्ज कुणाकडं आणि किती दिवसांपासून अडलाय ते आधी काढायचं, मग मोर्चा. शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्याला फीसाठी अडवू नये असे शासनाचे आदेश आहेत. आदेशाची प्रत खिशात पाहिजे. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, अनुदानित कॉलेजला तो लागू आहे. दहा रुपयांच्या अर्जानं जे कळतं ते शंभर घोषणांनी कळत नाही. घोषणाही द्या, पण अर्जानंतर.

तक्रारीबद्दल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि वर विद्यापीठाचा लोकपाल सांगितलेला आहे. समितीत अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसीतलं माणूस असलंच पाहिजे. आपल्या कॉलेजातली ही समिती कोण आहे, हे त्या विहारातल्या पंचवीसपैकी एकालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

पदवीबद्दल, म्हणजे सगळ्यात जड किल्लीबद्दल. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ चा आहे. त्यात अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, दहा जागा नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून द्यायच्या असतात. त्यातल्या पाच राखीव, अनुसूचित जातींसाठी एक. बाबासाहेबांनी १९२७ साली जे मागितलं त्याचा हा तुकडा. पण मत द्यायला नुसती पदवी पुरत नाही, पदवीधर म्हणून नाव नोंदवावं लागतं. आपल्या वस्तीत पदवीधर किती आणि नोंदवलेले किती, एकदा मोजा. मी माझ्या वस्तीत मोजले. एकतीस पदवीधर. नोंदवलेला एक, तोही नोकरीनिमित्त पुण्याला गेलेला. मीसुद्धा नोंदवलेला नव्हतो. मार्कलिस्टसाठी करडू विकायला लावलेला माणूस, चाळीस वर्षं नुसता ओरडत राहिला, पण जिथं बसून नियम ठरतात त्या खोलीचा मतदार झाला नाही.

२०१४ साली पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं. नगर जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. आता तर २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं की संलग्नतेची ही पद्धत पंधरा वर्षांत हळूहळू संपवायची, कॉलेजं स्वायत्त करायची, स्वतःची पदवी देणारी करायची. १८५७ ची घडी मोडणार. आपण टाळ्या वाजवायच्या का? बाबासाहेबांनी ती घडी मोडा म्हटलं होतं ते विद्यार्थ्याजवळ चांगला शिक्षक यावा म्हणून, आणि कारभारात आपला माणूस बसावा म्हणून. आता परीक्षा, पैसा आणि इमारत, तिन्ही किल्ल्या एकाच संचालक मंडळाच्या कनवटीला गेल्या तर "आमच्या हातात नाही" म्हणायला त्यांना जागा उरणार नाही, हा फायदा. पण वर दाद मागायला आपल्यालाही जागा उरणार नाही, हा धोका. आपापल्या तालुक्यातलं कुठलं कॉलेज स्वायत्त झालं, त्याच्या मंडळांवर कोण कोण बसलं, याची यादी करायचं काम तुमचं. पुढच्या अंकाला ती पाठवा.

त्या पोरीचा फॉर्म भरला गेला. तिचा अर्ज कॉलेजच्याच टेबलावर अडीच महिने पडून होता, हे तिनं स्वतः शोधून काढलं. आम्ही चौघं नुसते सोबत गेलो. क्लार्क म्हणाला, वरून आलं नाही. ती म्हणाली, "वर गेलंच नाही, सर. हे बघा, तुमच्याकडंच आहे." आणि तिनं मोबाईल त्याच्यापुढं धरला. संध्याकाळपर्यंत काम झालं.

मी पदवीधर मतदार म्हणून नोंदणीचा अर्ज आणलाय. वस्तीतल्या उरलेल्यांचेही आणलेत. तुमच्या वस्तीचे किती, ते कळवा.

जयभीम.